गिटारांचं मैदान

वर्षभरातले सगळ्यांत भारी रॉक अल्बम कोणते, हे जगभर लोक कसं ठरवतात ते मला चांगलं ठाऊक आहे. एक शहाणा एकटा बसतो, दहा नावं काढतो, प्रत्येकाखाली चार ओळी खरडतो आणि मोकळा होतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, हा चौथा कसा आणि तो पाचवा का, यानं त्याला पाडलं तरी कधी? उचलली जीभ, लावली टाळ्याला. कोल्हापुरात असलं खपत नाही. इथं एक नंबर म्हणवून घ्यायचं तर समोरच्याची पाठ टेकवावी लागते, आणि तीही चारचौघांच्या देखत.

म्हणून आम्ही मैदान भरवतो. डिसेंबरचा शेवटचा रविवार, शाहूपुरीतलं माझं चष्म्याचं दुकान, वरचा मजला. फ्रेमची खोकी भिंतीकडे सरकवायची, मधे सतरंजी अंथरायची, समोर अमरसिंहचे दोन टॉप आणि एक बेस मांडायचा. अमरसिंह मिरवणुकांना साऊंड भाड्यानं देतो. "ताई, ह्या खोलीत ह्यो बेस म्हंजे खुराड्यात हत्ती," असं दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी तोच हत्ती जिन्यावरून चढवतो.

आठ जण आठ अल्बम आणतात, बाकीचे मागं उभं राहून ऐकतात. अल्बम त्याच वर्षी आलेला हवा, आणि आणणाऱ्यानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला हवा. कच्चे, खरबरीत, घाम फुटलेले अल्बम माती गटात. स्टुडिओत महिनोन्‌महिने घासूनपुसून चकचकीत केलेले गादी गटात. दोन्ही गटांत जोड लागतात, प्रत्येकाची तीन गाणी वाजतात, आणि शेवटी मातीचा पैलवान गादीच्या पैलवानाला भिडतो. जिंकेल त्याला गदा. बँडचं नाव निकालाआधी सांगायचं नाही. एके वर्षी नुसतं नाव ऐकून लोक टाळ्या वाजवायला लागले होते. नावाला टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

आणि मुख्य नियम मोबाईलचा. सतरंजीवरच्या प्रत्येकानं आपला मोबाईल समोर ठेवायचा, तोंड वर करून. खिशात नाही, पालथा नाही. गाणं चालू असताना आठांपैकी कुणाचीही नजर मोबाईलवर गेली की त्या अल्बमची पाठ टेकली. चीत. गुण नाहीत, समिती नाही, 'तसा बरा होता, पण' नाही. आजच्या दिवसांत माणसाची नजर मोबाईलवरून काढून घेणं, याहून मोठी ताकद गाण्यात कुठली असते, मला सांगा. दोन्ही अल्बम टिकले तरच हात वर करून निकाल.

घरचा अल्बम आणायचा नाही, हा नियम नंतर आला. अमरसिंहनं एकदा स्वतःच्या साडूच्या बँडचा अल्बम आणला आणि साडूच्या भीतीनं तो पडूच देईना. त्या दिवशी मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पंच मीच. पंचाला अल्बम आणता येत नाही आणि मतही नसतं. फक्त नजरा पकडायच्या. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच माझा धंदा, आणि शिवाय माझ्या तोंडाला सगळे भितात.

आता यंदाचं सांगते.

माझा धाकटा भाऊ प्रसेनजीत इंजिनिअर होता. म्हणजे अजून आहेच, ते काही पुसलं जात नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून गिटार घेऊन घरी आला, तेव्हा आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही आणि मी आठवडाभर गप्प बसले नाही. दुकानामागच्या तालमीतली तीन पोरं त्यानं गोळा केली आणि बँडचं नाव ठेवलं 'काहिल'. मुरगूडजवळ एक गुऱ्हाळ बंद पडलंय. दगडी भिंती, वर पत्रा, आणि मधे चुलवाणावर तशीच सोडलेली गूळ करायची प्रचंड लोखंडी कढई. तीच काहिल. त्या गुऱ्हाळात चौघांनी अख्खा उन्हाळा काढला आणि अल्बम केला, 'पहिलं आदण'. काहिलीत एका वेळी जेवढा रस उकळतो त्याला आदण म्हणतात. जुलैत अल्बम इंटरनेटवर आला आणि कुणाच्या गावीही नव्हता.

कौतुक झालं, नाही असं नाही. मित्र 'लई भारी' म्हणाले, मावशांनी अंगठे पाठवले. पण प्रसेनजीत मूर्ख नाही. दिवाळीत फराळाचं ताट मांडीवर घेऊन तो मला म्हणाला, "आक्का, समदी भारी म्हणत्यात, पर दुसऱ्यांदा कुणी ऐकल्यालं न्हाय. तुझ्या मैदानात लावतीस का माझा?"

"घरचा पैलवान आपल्याच मैदानात लावत न्हाईत," मी म्हणाले.

"मग तुला कसा वाटला त्ये तरी सांग."

"पंच मत सांगत न्हाय."

तो हसला नाही. करंजी तशीच ठेवून उठला. मी चांगला म्हटलं असतं तर बहीण म्हणून म्हणाली, आणि वाईट म्हटलं असतं तर बहीण असून म्हणाली. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याला हवे होते परके कान, आणि ते माझ्याकडे नव्हते.

आठवड्याभरात त्यानं पुण्याच्या कंपनीला होकार कळवला. डिसेंबरात मैदान रविवारी, आणि दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तो पुण्यात हजर होणार. गिटार विकायला काढली होती आणि शाहूवाडीकडचं एक गिऱ्हाईक ती न्यायला त्याच रविवारी दुपारी दुकानात येणार होतं. गिटार एकदा दारातून बाहेर गेली की हा पोरगा पुन्हा गाणार नाही, हे मला दिसत होतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. याचा पीळच जळत चालला होता.

"मी खाली काऊंटर बघतो, तू वर मैदान बघ," तो सकाळी म्हणाला. शेवटचं काम म्हणून नीटनेटका शर्ट घालून आला होता. ते बघून मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

वर पहिल्या फेऱ्या झकास झाल्या. अमरसिंहनं ब्राझीलच्या म्हाताऱ्यांचा अल्बम आणला होता. पंचवीस वर्षांनी एकत्र आलेली मंडळी, गिटार अशी की कपाटातल्या फ्रेमा थरथरल्या. पण तिसऱ्या गाण्यात ड्रमवाल्यानं एकट्यानंच वाजवायला घेतलं आणि थांबेचना. सतरंजीच्या कोपऱ्यात बसलेल्या राजवर्धननं हळूच मोबाईलवर वेळ बघितली. मी हात वर केला. "चीत!" अमरसिंह कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हाताऱ्याला आवरा म्हणून कुणी सांगितलंच न्हाय का तिकडं?"

शिलाँगच्या चौघींचा अल्बम खरं तर यंदाचा मोठा पैलवान. आवाज असे की ऐकताना पाठ ताठ होते. तो गादी गटात शेवटपर्यंत आला आणि क्रांतीच्या अल्बमसमोर हात वर करण्यात थोडक्यात हरला. क्रांती मुरगूडच्या शाळेत भूगोल शिकवते. ती कायम जगाच्या टोकावरचं काहीतरी आणते. यंदा फिनलंडचं आणलं होतं, हे निकालानंतर कळलं. सुरुवातीला नुसता वारा, मग वाऱ्यात एक गिटार, मग एकदम डोंगर कोसळावा तसे चौघे. एकही सूर इकडचा तिकडे नाही. मी मनात म्हटलं, यंदाची गदा हिचीच.

माती गटात शेवटचा अल्बम आकाराम वस्तादांचा होता. वस्ताद सत्तरीचे, दुकानामागच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवतात. फार वर्षांपूर्वी ते "ह्यो काय गोंधूळ लावलाय?" म्हणून भांडायला वर आले होते. गाणं संपेपर्यंत दारात उभे राहिले, मग बसले, आणि तेव्हापासून एकही मैदान चुकवलेलं नाही. अल्बमला ते 'गडी' म्हणतात. त्यांनी बंडीच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढून अमरसिंहच्या हातात ठेवला. "माजा गडी. जरा बारीक हाय, पर चिवट हाय."

पहिलाच ठोका पडला आणि मी ओळखला.

दोन वर्षं मी तो ठोका भिंतीपलीकडून ऐकत होते. मी वस्तादांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, मिशीला हात लावून छताकडे बघत बसले. तालमीच्या मागच्या खोलीत ही पोरं वाजवायची ते वस्तादांच्याच परवानगीनं. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ते नियमातही बसत होतं. अल्बम त्यांच्या घरचा नव्हता. तो माझ्या घरचा होता.

आता मी काय करायचं? गाताना त्याचा आवाज पार बदलतो, म्हणून कुणी ओळखला नव्हता. बोलले असते तर ऐकणारे सगळे प्रसेनजीतला लहानपणापासून ओळखणारे. लगेच मऊ पडले असते, आणि त्याला पुन्हा तेच 'लई भारी' मिळालं असतं. न बोलावं तर पंच बहीण. मी गप्प बसले आणि ठरवलं की आज इतरांसाठी नजर जेवढी कडक ठेवते त्याच्या दुप्पट कडक ठेवायची. कुणी नुसती पापणी खाली केली तरी सोडायचं नाही.

कुणी केली नाही. पहिली जोड वस्तादांच्या गड्यानं मारली. दुसरीला समोर लंडनचा एक गाजलेला अल्बम होता, तो दुसऱ्याच गाण्यात चीत झाला. दोन फेऱ्यांमध्ये मी पाण्याचं निमित्त करून जिन्यावर गेले. खाली प्रसेनजीत एका बाईंच्या चष्म्याचा स्क्रू आवळत उभा होता. स्क्रू केव्हाच बसला होता, तरी तो फिरवतच होता. आत्तापर्यंत त्याच्या डोक्यावरच्या छतातून त्याचाच आवाज खाली येत होता. बाकड्यावर एक अनोळखी माणूस प्रसेनजीतच्या गिटारची पेटी पायाशी घेऊन चहा पीत होता. शाहूवाडीचं गिऱ्हाईक वेळेआधीच आलं होतं.

"आक्का," प्रसेनजीत वर बघत म्हणाला, "ह्ये कुणी लावलं?"

"मी न्हाय," मी म्हणाले आणि वर पळाले.

शेवटची कुस्ती. आधी क्रांतीचा पैलवान. तीन गाणी, आणि सतरंजीवर माणसं नाहीत, दगड बसलेत असं वाटावं. एकाचीही नजर हलली नाही. मग वस्तादांचा. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिसरं ते काहिलीचं, आज अजून न वाजलेलं. सुरुवातीला फक्त प्रसेनजीतचा आवाज, घोगरा, जवळ येऊन बोलल्यासारखा: उकळू दे रं, उकळू दे, अजून पाक आला न्हाय. मग गिटार येते, ड्रम येतो, सगळं चढत जातं आणि अचानक थांबतं. त्या शांततेत चौघांतला एकजण लाकडी मोगरीनं त्या काहिलीवर घाव घालतो.

तो आवाज कसा सांगू? कुठल्याही ड्रमचा नाही. जमिनीतून येतो आणि छातीत शिरतो. खिडकीची काच वाजली. आणि अमरसिंहचा हात झटकन मोबाईलकडे गेला, त्यानं तो उचलला आणि त्यात बघितलं.

खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मी हात वर केला. माझाच हात, पण मणाचं ओझं उचलावं तसा वर गेला.

"बंद करा. चीत."

गाणं अर्ध्यात तुटलं. खाली त्यालाही ते तुटलेलं ऐकू गेलं असणार.

"अवो ताई!" अमरसिंह उभाच राहिला. "कंटाळा आला म्हणून न्हाय बघितलं! मला वाटलं माजा बेस फाटला. हात आपसूक मीटरवर गेला. आवाज मोजायचं मीटर हाय मोबाईलात. मिरवणुकीत पोलीस मीटर घिऊन म्होरं हुबा ऱ्हातोय, एकदा केस झाली तवापास्नं मोठा आवाज आला की हात जातोयच!" बिचाऱ्याचं खोटं नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला, त्यावर मीटरचा काटा अजून थरथरत होता. "आजच्या एकाबी अल्बमला माजा हात गेला न्हवता. ह्यालाच गेला. ह्ये काय पडणं झालं व्हय?"

"नियम नजरेचा हाय. का बघितलं ते नियमात न्हाय," मी म्हणाले. "नजर गेली की गेली. गदा क्रांतीची."

खोलीत एकच कालवा झाला. राजवर्धन म्हणाला, हा अन्याय आहे. कुणी म्हणालं, पंच बदला. मी खांब होऊन उभी राहिले. मनातून मला सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचं होतं, पण ओरडण्याचा हक्क त्या खोलीत एकट्या मलाच नव्हता.

तेवढ्यात क्रांती उठली. "मला असली गदा नको," ती म्हणाली. "माझ्या पैलवानानं काय केलं त्यात? तो कोपऱ्यात बसला होता आणि समोरचा पंचाच्या शिट्टीनं पडला. मी काय सांगू मुरगुडात जाऊन? निशा, कुस्ती परत लाव."

"तसा नियम न्हाय."

"हाय," आकाराम वस्ताद म्हणाले. "पैलवान झटापटीत आखाड्याभाईर गेलं, का मधी कुणी माणूस शिरलं, तर कुस्ती मोडत न्हाईत. दोगास्नी मधी आणत्यात, हुती तीच पकड देत्यात आन् तिथनंच परत लावत्यात. जितणाऱ्याची हरकत नसंल तर पंचाला न्हाय म्हणता येत न्हाय. आमच्या वस्तादांच्या वस्तादांपास्नं चालत आलंय."

"माझी हरकत नाही," क्रांती म्हणाली.

आता मला गप्प राहणं शक्य नव्हतं. चीत देणं मला जमलं होतं, कारण त्यात माझाच माणूस पडत होता. पण त्याला पुन्हा उभं करणारी मी असणं बरोबर नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. "लावा कुस्ती. पण पंच दुसरा नेमा. हा अल्बम माझ्या भावाचा आहे. प्रसेनजीतचा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"तुला कधी कळलं?" क्रांतीनं विचारलं.

"पहिल्या ठोक्याला."

"आणि तरी चीत दिलास?"

"व्हय."

अमरसिंह एकदम हसायला लागला. "आयला! सख्ख्या भावाला पाडती ही बाई! ताई, तुमच्या हाताखाली इलेक्शन घ्याय पायजे!" मग सगळेच हसले आणि माझ्या डोक्यावरचं काहीतरी उतरलं. पंच अमरसिंहलाच केलं. त्याचा मोबाईल वस्तादांनी काढून घेऊन बंडीत टाकला आणि वरून खिशाचं बटण लावलं.

सतरंजीवर बसवेना म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तिथून मला वरची खोलीही दिसत होती आणि खालचं दुकानही. खाली प्रसेनजीत पेटीचं कुलूप उघडत होता. गाणं तुटल्यावर त्यानं जे समजायचं ते समजून घेतलं होतं. गिऱ्हाइकानं पाकीट हातात धरलं होतं.

वर अमरसिंहनं बटण दाबलं. जिथं तोडलं होतं तिथूनच, हुती तीच पकड. काहिलीवर घाव.

खाली प्रसेनजीतचा हात कुलपावरच थांबला.

आता क्रांतीला गदा मिळवायची असती तर काही करावं लागत नव्हतं. नुसती मान खाली घालायची. सगळे तिच्याकडेच बघत होते. आणि नेमका तिचा मोबाईल वाजायला लागला. तिच्या गुडघ्यापुढं, तोंड वर करून ठेवलेला, उजेड पाडत, थरथरत सतरंजीवर सरकायला लागला. इतका मोठा आवाज की कुणीही सवयीनं बघावं. क्रांतीनं मान वर केली, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि स्पीकरकडे डोळे लावले. मोबाईल वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला. प्रसेनजीत गात होता: उकळू दे रं, उकळू दे. काहिलीवर घाव पडत होते. क्रांतीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते गाण्यानं की न बघण्याच्या जोरानं, तिचं तिलाच ठाऊक. मागं उभे असलेले लोक पायानं ताल धरायला लागले. मग सगळेच. माझ्या दुकानाचं छत एवढं कधी हाललं नव्हतं, आणि पडलं असतं तरी त्या वेळी मला चाललं असतं.

गाणं संपलं. अमरसिंहनं सगळ्यांकडे एक फेरी बघून घेतलं. "नजर कुणाची गेली न्हाय. दोनी गडी हुबं. ह्या मातीच्या गड्यासाठी हात वर!"

पहिला हात क्रांतीचा वर गेला. मग बाकीच्यांचे. सतरंजीवर एकही हात खाली राहिला नाही. क्रांतीनं दुसऱ्या हातानं मोबाईल उचलून कानाला लावला आणि ओरडली, "नको, मला क्रेडिट कार्ड नको!"

यापुढचं मला सलग आठवत नाही. वस्ताद माझ्या अंगावरून जिना उतरले, सत्तरीचा माणूस दोन-दोन पायऱ्या सोडत. खाली जाऊन त्यांनी प्रसेनजीतला काही विचारलं नाही, सांगितलं नाही. जिंकलेल्या पैलवानाला उचलतात तसं कमरेला धरून खांद्यावर टाकलं. "वस्ताद, पडीन मी!" "गप बस, माज्या खांद्यावनं अजून कोण पडलं न्हाय." राजवर्धन आणि अमरसिंह धावले. तिघांनी मिळून त्याला जिन्यावरून वर नेलं. वळणावर त्याचं डोकं छताला आपटलं आणि पुन्हा एकदा हशा झाला. सतरंजीच्या मधोमध त्याला उभं केलं, गदा हातात दिली. गदा देताना क्रांती म्हणाली, "प्रसेनजीत, कुस्ती परत लाव म्हणाले तेव्हा हा अल्बम तुझा ते मला माहीत नव्हतं. मला फक्त तो आवाज हवा होता. घरी जाऊन मी परत ऐकणार आहे."

परत ऐकणार आहे. प्रसेनजीत तिच्याकडे बघतच राहिला. एवढ्या महिन्यांत ते वाक्य त्याला कुणी दिलं नव्हतं.

शाहूवाडीचं गिऱ्हाईक पेटी उचलून जिन्यात येऊन उभं राहिलं होतं. "मग, गिटारचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

प्रसेनजीत गर्दीतून वाट काढत गेला आणि पेटी त्याच्या हातातून घेतली. "पावणं, माफ करा. गिटार न्हाय मिळायची. आलाईसा तर जेवून जावा."

"न्हाय मिळायची ते कळलंच की," गिऱ्हाईक म्हणालं. "मी खाली बसून समदं ऐकलं. अल्बम कुठं घावतोय तेवढं सांगा."

"जानेवारीत कार्यक्रम लावा, माजा सगळा साऊंड तुमास्नी," अमरसिंह मधेच ओरडला. "फुकट! मीटर घरी ठिवून येतो!"

आईला काय सांगायचं, कंपनीला काय कळवायचं, पोटापाण्याचं कसं, हे सगळं माझ्या डोक्यात एकाच वेळी सुरू झालं. प्रसेनजीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मी तोंड उघडणारच होते.

"सकाळी दुकान मी बघतो, दुपारनंतर गुऱ्हाळ," तो म्हणाला. "पुण्याला आज कळवतो. त्ये असू दे. आक्का, समद्यांनी हात वर केला. तुझा ऱ्हायलाय."

"पंचाला मत..."

"तू आता पंच न्हाईस."

खरंच नव्हते. मग मी माझं मत सांगितलं. "दुसऱ्या गाण्यात तुझा आवाज गिटारीखाली दबलाय. चौथं गाणं उगंच लांबलंय, गुळात माती पडल्यागत झालंय. आणि शेवटच्यात ड्रम पळतोय."

त्याचा चेहरा उतरायला लागला. मी त्याचे दोन्ही खांदे धरले.

"आणि जुलैपास्नं मी रोज सकाळी शटर उघडायच्या आधी आत बसून तोच ऐकत्ये. रोज, प्रसेनजीत. जगातनं एवढे अल्बम आले यंदा, मी समदे ऐकले. माझा एक नंबर तुझा हाय. पहिल्या दिवसापास्नं तुझाच हाय."

तो गदा बगलेत मारून लहानपणी रडायचा तसा मोठ्यानं रडायला लागला, आणि मीही लागले. अमरसिंहनं बेसचं बटण वर केलं आणि 'पहिलं आदण' पहिल्या गाण्यापासून लावलं. सतरंजीवरच्या बाकी सातांनीही मोबाईल उचलून खिशात टाकले आणि पूर्ण अल्बम बसून ऐकला, चौथ्या गाण्यासकट.